एकाहून अधिक मॉनिटर आणि सेटिंग्जची रचना : एक चिकित्सा

प्रस्तावना :

एका संगणकाला दोन किंवा अधिक मॉनिटर जोडण्याची सोय आता केवळ तज्ज्ञांपुरती राहिलेली नाही. ज्या वर्गात प्रोजेक्टर आहे, त्या वर्गात शिकविणारा प्रत्येक अध्यापक, मग तो मराठीचा असो वा वनस्पतिशास्त्राचा, ही सोय वापरीत असतो. कारण संगणकाच्या लेखी प्रोजेक्टर हाही दुसरा मॉनिटरच होय. या सोयीचे नियमन ज्या सेटिंग्जमधून होते, त्यांच्या रचनेकडे मात्र आपल्याकडे तांत्रिक बाब म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः हा अर्थबोधाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात मॅकिन्टॉश, विंडोज व लिनक्सवरील ग्नोम या प्रणालींच्या आधारे या रचनेची चिकित्सा केली आहे.

रचनेची पूर्वपीठिका :

१९८७ साली आलेल्या 'मॅकिन्टॉश टू' या संगणकाला अनेक मॉनिटर जोडता येत असत. त्यासाठीच्या नियंत्रण-फलकावर प्रत्येक मॉनिटरसाठी एक आयत काढलेला असे. माउसने आयत ओढून डावी-उजवीकडे ठेवावा, म्हणजे पडद्यांचा क्रम ठरे. मेनूची पांढरी पट्टी उचलून दुसऱ्या आयतावर ठेवली की तो मॉनिटर मुख्य होई. विंडोजमध्ये ही सोय १९९८ साली 'विंडोज ९८' बरोबर आली व तिनेही आयतांचीच भाषा स्वीकारली. लिनक्सच्या वापरकर्त्याला दीर्घकाळ एक मजकूर-फाइल हाताने दुरुस्त करून चित्रप्रणाली पुन्हा सुरू करावी लागे. २००७ मध्ये रॅण्डआर या विस्ताराची १.२ ही आवृत्ती आल्यानंतरच चालू संगणकावर मॉनिटर जोडणे-काढणे सुकर झाले. आज्ञावलीचे ते सामर्थ्य आयतांच्या चित्रात उतरविण्याचे काम नंतर ग्नोमसारख्या प्रकल्पांनी केले.

आयतांची ही कल्पना यशस्वी ठरली, याचे कारण डोनाल्ड नॉर्मन यांच्या १९८८ च्या 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या ग्रंथात सापडते. शेगडीचे बर्नर चौकोनात आणि बटणे मात्र एका ओळीत असली, तर कोणते बटण कोणत्या बर्नरचे हे दरवेळी वाचावे लागते. बटणांची मांडणी बर्नरसारखीच असेल तर वाचण्याची गरज उरत नाही. सेटिंग्जमधील आयत हे टेबलावरील मॉनिटरचे असेच प्रतिरूप आहे. निदान तसा त्याचा दावा आहे.

चित्र आणि टेबल :

हा दावा पुरा होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विंडोजमधील आयताचा आकार मॉनिटरच्या लांबी-रुंदीवरून नव्हे, तर बिंदूंच्या संख्येवरून ठरतो. समजा, टेबलावर २४ इंची मॉनिटर १९२० × १०८० बिंदूंचा आणि त्याशेजारी २७ इंची मॉनिटर ३८४० × २१६० बिंदूंचा आहे. प्रत्यक्षात पहिल्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर व दुसऱ्याची सुमारे ६० सेंटिमीटर, म्हणजे फरक जेमतेम एका वितीच्या तिसऱ्या भागाचा. सेटिंग्जमध्ये मात्र दुसरा आयत पहिल्याच्या दुप्पट रुंद व दुप्पट उंच दिसतो. परिणाम केवळ दृश्य नाही. मोठ्या पडद्याच्या कडेवरून लहान पडद्याकडे जाताना कर्सर निम्म्या उंचीवर अडू शकतो. डोळ्यांना समोर सलग पडदा दिसतो आणि हाताला भिंत लागते. अशा वेळी वापरकर्ता माउसला दोष देतो.

येथे गंमत अशी की, संगणकाला ही मोजमापे बहुधा ठाऊक असतात. १९९४ पासून रूढ झालेल्या ईडीआयडी या मानकानुसार मॉनिटर आपले नाव, क्षमता आणि सेंटिमीटरमधील आकार संगणकाला कळवीत असतो. प्रोजेक्टरच्या बाबतीत आकार सांगता येत नाही, कारण तो भिंतीच्या अंतरावर ठरतो. परंतु जेथे माहिती उपलब्ध आहे तेथेही चित्र बिंदूंचेच काढावे, याला प्रणालीच्या अंतर्गत सोयीखेरीज दुसरे कारण दिसत नाही. मॉनिटरनिहाय अक्षरांचे प्रमाण बदलण्याची सोय विंडोजने २०१३ च्या ८.१ आवृत्तीत दिली. तिने अक्षरे सारखी झाली. आयत मात्र जुनाच हिशेब सांगत राहिले.

कोणता आयत कोणत्या मॉनिटरचा, हा उपप्रश्न त्या मानाने बरा सुटला आहे. विंडोज प्रत्येक पडद्यावर मोठा आकडा उमटवते. ग्नोमने काही काळ प्रत्येकाला वेगळ्या रंगाची पट्टी दिली होती. रंगभेद न जाणवणाऱ्यांसाठी आकडाच अधिक न्याय्य होय.

आरसा की विस्तार :

अध्यापकाच्या दृष्टीने खरा पेच येथे आहे. दुसरा पडदा पहिल्याचीच नक्कल दाखवील की स्वतंत्र राहील, एवढाच तांत्रिक भेद. पण वर्गात तो खासगी आणि सार्वजनिक यांतील भेद ठरतो. नक्कल चालू असता उघडलेला अंतर्गत गुणांचा तक्ता, एखाद्या विद्यार्थ्याचा शुल्कसवलतीचा अर्ज किंवा घरून आलेला निरोप साठ जणांसमोर भिंतीवर उमटतो. विंडोज ७ पासून (२००९) विंडोज-कळ व 'पी' दाबल्यास चार पर्याय पुढे येतात. ही सोय निःसंशय उपयुक्त. परंतु पर्यायांची नावे यंत्राची क्रिया सांगतात, माणसावर होणारा परिणाम सांगत नाहीत. 'नक्कल' याऐवजी 'समोरच्यांना तुमचा पडदा दिसेल' असे म्हटले तर संगणकाचे शिक्षण न घेतलेल्यालाही निर्णय करता येईल. मराठीकरण करतानाही शब्दाला शब्द ठेवण्यापेक्षा हा परिणाम भाषेत आणणे अधिक अगत्याचे आहे.

यात स्मरणाचा दोषही मिसळतो. जोडलेल्या मॉनिटरची ओळख पटवून मागील मांडणी पुन्हा लागू करणे, हे प्रणालीचे कौशल्य मानले जाते. स्वतःच्या टेबलावर ते सुखावह आहे. वर्गातील सामायिक संगणकावर मात्र आधीच्या तासाच्या अध्यापकाची निवड पुढच्याला न सांगता वारशाने मिळते. स्मरण असावे; पण प्रोजेक्टर जोडलेला असताना सध्या काय दिसत आहे, याची खूण पडद्यावर सतत असावी.

परतीची वाट :

चुकीची निवड झाली आणि पडदा काळा पडला, तर दुरुस्तीचे बटणही दिसत नाही. यावर काढलेला तोडगा या साऱ्या रचनेतील सर्वांत समंजस भाग आहे. बदल केल्यावर प्रणाली विचारते, हा ठेवावा काय? विंडोजमध्ये १५ व ग्नोममध्ये २० सेकंदांत उत्तर न आल्यास जुनी मांडणी परत येते. मौनाला येथे नकार मानले आहे. ज्याला काहीच दिसत नाही त्याच्याकडून काहीच अपेक्षिलेले नाही. एक उणीव मात्र राहते. नवा संकेत पकडून चित्र दाखवायला प्रोजेक्टरला कित्येक सेकंद लागू शकतात. भिंतीकडे वळून पाहणाऱ्या अध्यापकाची मुदत तेवढ्यात सरत येते, योग्य निवडही मागे फिरते आणि तो तीच कृती पुन्हा करू लागतो. आकार न सांगणारे उपकरण जोडलेले आहे, हे संगणकाला ईडीआयडीवरून कळू शकते; अशा वेळी ही मुदत दुप्पट करणे मुळीच अवघड नाही.