शुल्क, सवलत आणि निव्वळ खर्च : धर्माधिष्ठित महाविद्यालयांतील अर्थसाहाय्याची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयाची माहितीपुस्तिका हा आपल्याकडे सर्वाधिक वाचला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा शैक्षणिक दस्तऐवज होय. धर्म वा पंथाच्या प्रेरणेने चालणाऱ्या लहान संस्थांच्या पुस्तिकेत सेवाभावाचे निवेदन, शुल्काचा तक्ता आणि ‘गरजू विद्यार्थ्यांस सवलत’ ही ओळ बहुधा ठरलेली असते. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावातील पालक ती ओळ वाचून निर्णय घेतो. मात्र त्या कुटुंबावर प्रत्यक्ष किती भार पडणार, हे त्या ओळीतून कळत नाही. सवलतीचे मोल तिच्या रकमेवरून ठरत नसून ती कोणत्या अटीवर, कोणत्या वेळी आणि खर्चाच्या कोणत्या भागावर मिळते यावरून ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

साहाय्य आणि अट

धार्मिक वा जातीय संस्थांनी विद्यार्थ्यांचा भार उचलण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यांतील मुलांना शिक्षणाची वाट त्यामुळे खुली झाली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु याच इतिहासात एक बोलका प्रसंग आहे. जैन वसतिगृहात राहणारे भाऊराव पाटील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. निवारा अल्पखर्चाचा होता. त्याची उर्वरित किंमत मात्र आज्ञापालनात मोजावयाची होती. पुढे १९२४ साली साताऱ्यात भाऊरावांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र राहता-जेवता येईल असे वसतिगृह काढले आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजविले. तेथेही विद्यार्थी किंमत देत होता. ती श्रमाची होती, श्रद्धेची नव्हती.

कायदा आणि तक्ता

आज अटीचे स्वरूप बदलले आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० (१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांची स्वायत्तता मान्य केली आणि त्याचबरोबर कॅपिटेशन शुल्क व नफेखोरीस मज्जाव केला. ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद १५ (५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत. दुसरीकडे, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य शासनाच्या शुल्क योजना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांसाठी असतात. व्यवस्थापन कोट्यातील विद्यार्थी त्यांस मुकतो.

याचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, शिक्षण शुल्क ५०,०००, इतर शुल्क १०,००० आणि निवास-भोजन ४५,००० असा एकूण वार्षिक खर्च १,०५,००० रुपये आहे. केंद्रीय प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थिनीस शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले, तर तिचा निव्वळ खर्च ५५,००० रुपये. त्याच वर्गात व्यवस्थापन कोट्यातून आलेल्या विद्यार्थ्यास संस्थेने शिक्षण शुल्कात दहा टक्के सूट दिली, तर त्याचा खर्च १,००,००० रुपये. पुस्तिकेत मात्र दोघेही ‘सवलतधारक’ ठरतात.

वेळेचा प्रश्न

शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी मिळाली. निर्णय स्वागतार्ह आहे. तथापि खोलीभाडे व खानावळ त्यात येत नाही. नांदेड वा लातूरला राहून शिकणाऱ्या मुखेडच्या विद्यार्थिनीस पुष्कळदा हाच खर्च अधिक जड जातो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून आलेल्या स्वाधार योजनेने ही उणीव ओळखली. मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरे वगळता अन्य महानगरपालिका क्षेत्रांसाठी तिने भोजन २८,०००, निवास १५,००० आणि निर्वाह ८,००० असे वार्षिक ५१,००० रुपये निश्चित केले.

तरीही रक्कम मंजूर होणे आणि हाती पडणे यांत अंतर असते. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु हप्ता लांबला की महाविद्यालयाच्या नोंदवहीत थकबाकीदार ठरतो तो विद्यार्थी, शासन नव्हे. घरमालक आणि खानावळ तर थांबतच नाहीत. अशा वेळी ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून मुलाचा महिना भागविते. कागदावर माफ झालेला खर्च असा फडात फेडला जातो आणि कोणत्याही तक्त्यात त्याची नोंद होत नाही.

निष्कर्ष

धर्माधिष्ठित संस्थांच्या सेवाभावावर शंका घेण्याचा येथे हेतू नाही. पण सेवाभाव हिशेबातून दिसला पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयाने पुस्तिकेत एकूण खर्च, साहाय्याचा प्रकार, त्याची अट, ते मिळण्याचा अपेक्षित महिना आणि कुटुंबाने भरावयाची उर्वरित रक्कम असे पाच रकाने छापावेत. प्रवेशसमितीवरील प्राध्यापकाने सही घेण्यापूर्वी ते पालकास वाचून दाखवावेत. शिष्यवृत्ती येईपर्यंतची थकबाकी परीक्षा अर्जाच्या आड येणार नाही, हेही तेथेच लेखी असावे. सवलत देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. सवलत येईपर्यंतचा काळ स्वतःच्या अंगावर घेणारी संस्थाच खऱ्या अर्थाने धर्मादाय म्हणता येईल.