शून्यागाराची रचना : भूमिका-खेळातील झपाटलेले घर

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगताना शून्यागाराचा, म्हणजे ओस पडलेल्या घराचा, निर्देश केला आहे. ओस घर आणि भय यांचे नाते इतके जुने आहे. मात्र कथा-कादंबरीत हे घर येते तेव्हा त्याची दारे लेखकच उघडतो. शर्ली जॅक्सन यांच्या ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) या कादंबरीत चार माणसे एका बदनाम घरात मुक्कामाला जातात. कोणी कोणत्या खोलीत केव्हा शिरायचे, हे सर्वस्वी कादंबरीकर्त्रीच्या स्वाधीन असते. वाचक भयभीत होतो, पण पुस्तक मिटण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते. ज्या लेखनप्रकारात दार उघडायचे की नाही याचा निर्णय आस्वादकानेच घ्यायचा असतो, तेथे भय कसे निर्माण होते, हा प्रश्न समीक्षेने अद्याप गांभीर्याने घेतलेला दिसत नाही.

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळासाठी रचलेले ‘साहस’ हा असा लेखनप्रकार आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ मध्ये अमेरिकेत या खेळाला छापील रूप दिले. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. आपले पात्र काय करू पाहते ते खेळाडू बोलून सांगतो. निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. साहसाची पुस्तिका एकटा सूत्रधार वाचतो. तिच्यात घराचा नकाशा, क्रमांक दिलेल्या खोल्यांची वर्णने, घराचा पूर्वेतिहास आणि अमुक केल्यास अमुक घडेल अशा तरतुदी असतात. घटनांचा क्रम मात्र नसतो. वोल्फगांग ईझर यांनी वाचनप्रक्रियेचे विवेचन करताना ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हटले, त्या येथे संहितेत अधूनमधून येत नाहीत. संहितेची मांडणीच त्यांच्यासाठी केलेली असते. शिवाय वाचक रिक्त जागा मनातल्या मनात भरतो आणि पुढे वाचताना ती भर बदलूही शकतो. खेळाडूने मात्र ‘मी दार उघडतो’ असे मेजावर उच्चारले की ते दार उघडलेलेच राहते.

या प्रकाराचा सर्वपरिचित नमुना म्हणून ‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळातील झपाटलेल्या घराच्या साहसाकडे पाहता येते. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांच्या कथाविश्वावर सँडी पीटरसन यांनी रचलेला हा खेळ केऑसियम या प्रकाशनसंस्थेने १९८१ मध्ये काढला. त्याच्या पहिल्या आवृत्तीतच हे साहस होते. पुढे ते ‘द हॉन्टिंग’ या नावाने रूढ झाले. स्थळ बॉस्टन, काळ १९२० चे दशक. घरमालक आपल्या बदनाम घराचा छडा लावण्यासाठी खेळाडूंच्या पात्रांना पैसे देऊन नेमतो. शेवटच्या भाडेकरू कुटुंबातील पती-पत्नी मनोरुग्णालयात आहेत. एकेकाळचा मालक वॉल्टर कॉर्बिट १८६६ मध्ये वारला आहे.

या रचनेचे मर्म घराच्या आत नसून घराबाहेर आहे. पात्रांना वृत्तपत्राच्या कचेरीत, ग्रंथालयात आणि सरकारी दप्तरात जाऊन शोध घेता येतो. कॉर्बिटला घर सोडावे लागावे म्हणून शेजाऱ्यांनी १८५२ मध्ये केलेला दावा तेथे सापडतो. त्याहून महत्त्वाची आहे ती त्याच्या मृत्युपत्रातील इच्छा : आपल्याला आपल्याच तळघरात पुरावे. त्याविरुद्धही दावा झाला होता. हा तपशील वाचणारा खेळाडू पुढे घरात शिरतो तेव्हा तळघराचा जिना त्याच्या दृष्टीने केवळ जिना राहिलेला नसतो. घर पाहण्याआधीच त्याने ते वाचलेले असते. तळघरात उतरण्याची सक्ती संहिता करत नाही. ती उतरण्याला अर्थ मिळवून देते. जो खेळाडू दप्तरे न चाळता थेट घर गाठतो, त्याला तेच तळघर निव्वळ अडगळीचे वाटू शकते. भयाची मात्रा अशा रीतीने खेळाडूच्या जिज्ञासेशी बांधलेली आहे.

वरच्या मजल्यावरील एका शयनगृहाची योजनाही याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. खोलीत पलंग आहे, खिडकी आहे आणि तेथून आवाज येतात. खोलीत शिरणाऱ्याला तो पलंग सरकत येऊन खिडकीतून बाहेर फेकू शकतो. या प्रसंगाला यांत्रिक चमत्कृती म्हणणे सोपे आहे. परंतु आवाज ऐकल्यावर पात्र दाराशी थांबते, खेळाडू एकमेकांकडे पाहतात आणि कोणीतरी पुढे होण्याची तयारी दाखवतो. भय या विरामात वसते. त्यानंतरचा धक्का ही त्या विरामाची किंमत होय. तोच धक्का पूर्वसूचनेवाचून, आत न शिरलेल्या पात्राला बसला असता तर त्यातून केवळ तक्रार निर्माण झाली असती.

येथे संस्कृत काव्यशास्त्रातील एक दोष आठवणे उपयुक्त ठरेल. रस किंवा स्थायिभाव यांचा त्यांच्याच नावाने उच्चार करणे हा मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात रसदोष मानला आहे. साहसांच्या पुस्तिकांत खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी चौकटीत छापलेले परिच्छेद पुष्कळदा असतात, आणि त्यांत ‘तुमच्या अंगावर काटा येतो’ अशा धाटणीची वाक्ये सर्रास आढळतात. दोष तोच आहे, पण येथे त्याची हानी दुहेरी होते. भय वाच्य होऊन फिके पडतेच. शिवाय खेळाडूच्या मालकीची एकमेव गोष्ट, म्हणजे त्याच्या पात्राचा प्रतिसाद, त्याच्याकडून काढून घेतली जाते. साहसकाराने विभाव रचावेत. अनुभाव मेजावर बसलेल्यांचे असतात.

मग याच खेळातील ‘सॅनिटी’च्या आकड्याचे काय? प्रत्येक पात्राच्या मानसिक स्थैर्याला अंक दिलेला असतो. भीषण दर्शन घडताच शतमानाचे फासे पडतात आणि अंक घटतो. भयाला हिशेबवहीत बसवल्याने ते नष्ट होते, हा आक्षेप वरकरणी रास्त वाटतो. तथापि नियमाचा तपशील वेगळे काही सांगतो. एकाच आघाताने पाच किंवा अधिक गुण गेले तर पात्राच्या बुद्धीची कसोटी लागते, आणि पात्र त्या कसोटीस उतरले तरच त्याला तात्पुरते वेड लागते. जे पाहिले ते ज्याला समजत नाही, तो वाचतो. समजणे हाच घात, ही लव्हक्राफ्टच्या कथांतील मूळ कल्पना निवेदनातून न सांगता फाशांच्या नियमातून घडवलेली आहे. अंकाने भयाची जागा घेतलेली नाही. त्याने भयाला व्याकरण पुरवले आहे.

इतर दोन रचनांशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. डेव्ह ब्राउन आणि डॉन टर्नबुल यांच्या ‘द सिनिस्टर सीक्रेट ऑफ सॉल्टमार्श’मध्ये (१९८१) एका किमयागाराचे ओस घर झपाटलेले असल्याचा बोलबाला आहे, प्रत्यक्षात चोरटा व्यापार करणाऱ्यांनी लोकांना दूर ठेवण्यासाठी ते सोंग उभे केलेले असते. येथे घर हे खोटे चिन्ह आहे, आणि ते वाचता येणे हा खेळाडूंचा विजय. भय उलगडते आणि त्या जागी बुद्धीचे समाधान येते. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये (१९८३) गढीतील महत्त्वाच्या वस्तू कोठे आहेत आणि तिच्या स्वामीचा हेतू काय, हे पत्त्यांच्या साहाय्याने दर खेपेस नव्याने ठरते. रहस्य त्यामुळे संहितेत पक्के राहत नाही. पुस्तिका वाचलेल्या सूत्रधारालाही ते खेळापूर्वी ठाऊक नसते. पहिल्या रचनेत अर्थ एकच आणि लौकिक आहे, तर दुसरीत तो हलता आहे. कॉर्बिटचे घर या दोहोंच्या मध्ये उभे आहे : तेथे अर्थ एकच आहे, पण त्याच्यापर्यंत जाणे अथवा न जाणे खेळाडूंच्या इच्छेवर सोडलेले आहे.

मात्र या रचनेचा शेवट तिच्या पूर्वार्धाला न्याय देत नाही. तळघरातील गुप्त जागेत कॉर्बिटचे कलेवर सापडते, ते उठते, आणि इतर कोणत्याही शत्रूप्रमाणे त्याच्याशी झुंज होते. घरभर पसरलेली, दप्तरांतून झिरपत आलेली दहशत एका शरीरात गोळा होते आणि ते पडले की संपते. अज्ञात मोजता येऊ लागते. पात्रांचे अंकही बक्षिसादाखल काहीसे भरून निघतात. खेळाला निकाल हवा असतो आणि भयाला निकाल मानवत नाही. हा विरोध १९८१ च्या या साहसाने सोडवलेला नाही, तो फक्त तळघरापर्यंत लांबवला आहे.

तरीही एवढे मान्य करावे लागेल की या लेखनप्रकाराने भयानक रसाच्या विचारात एका नव्या पेचाची भर घातली आहे. साधारणीकरणाच्या सिद्धान्तात प्रेक्षक आणि पात्र यांच्यात अंतर गृहीत धरलेले असते. त्या अंतरामुळेच लौकिक भय आस्वाद्य होते. मेजावरच्या खेळात पात्र बोलते ते प्रेक्षकाच्याच तोंडून. हे अंतर तरीही टिकते, ते फाशांमुळे, नकाशामुळे आणि शेजारी बसलेल्या सोबत्यांमुळे. शून्यागार रचणाऱ्याचे कौशल्य भूत किती भयंकर रंगवले यावरून ठरवता येणार नाही. बंद दाराशी खेळाडूला किती कळलेले आहे आणि तेथून परत फिरण्याची मुभा त्याला किती खरी आहे, या दोन गोष्टींवरच ते पारखावे लागेल.