शब्दाचे कूळ आणि शास्त्राचे काम

शास्त्रीय परिभाषेचा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन पक्ष हटकून समोरासमोर उभे राहतात. एकास परका शब्द विटाळासारखा वाटतो. दुसऱ्यास देशी शब्द शास्त्राचा भार पेलण्यास असमर्थ वाटतो. त्रिकोणमितीतील ‘साइन’ या एकाच शब्दाची वंशावळ तपासली असता दोघांच्याही हट्टाचा पाया किती कच्चा आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, अर्थात् धनुष्य. त्याची दोरी ती ज्या किंवा जीवा. गणितास वस्तुतः अर्धीच दोरी हवी असते. म्हणून इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त अर्धज्येचा विचार आहे, पुढे ‘अर्ध’ गळून नुसती ‘ज्या’ रूढ झाली. अरबी पंडितांनी ‘जीवा’ हा शब्द ‘जीबा’ असा उचलला. त्यांच्या भाषेत त्यास अर्थ नव्हता. तेव्हा त्याच अक्षरांचे वाचन ‘जैब’, म्हणजे वस्त्राचा गळा किंवा घोळ, असे होऊ लागले. १२ व्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी या ‘जैब’चा शब्दशः अनुवाद ‘सायनस’ असा केला. त्याचेच इंग्रजी रूप ‘साइन’. आपल्या बोलीतील ‘जेब’ हा खिशाचा पर्यायही फारसीमार्गे त्याच अरबी शब्दापासून आला आहे!

आता देशीवाद्यांस आमचे विचारणे असे की, ‘केंद्र’ हा शब्द त्यांनी कधी टाकला आहे काय? तो तर ग्रीक ‘केंट्रॉन’चा, ज्योतिषाच्या वाटेने आलेला अवतार होय. आणि आंग्लाभिमान्यांस विचारणे असे की, ज्या शब्दास ते शास्त्रशुद्ध म्हणून मिरवतात, तो वाचनाच्या एका चुकीतून उपजलेला नाही काय?

अर्थात् चुकीतून जन्मला म्हणून ‘साइन’ने गणितात काही बिघाड केला नाही, व्याख्या पक्की असली की शब्द आपले काम करतो. तथापि शिकवताना दोहोंत भेद उरतोच. ‘साइन’ ऐकून मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. ‘ज्या’ म्हणताच ताणलेले धनुष्य दिसते. म्हणून आमचे मत असे की, पाठ्यपुस्तकात ‘साइन’ खुशाल राहो. मात्र पहिल्या धड्यात शिक्षकाने फळ्यावर चाप काढून ‘ज्ये’ची ओळख अवश्य करून द्यावी. शब्दाची परीक्षा त्याच्या कुळावरून न होता विद्यार्थ्यास होणाऱ्या बोधावरून व्हावी, हेच न्याय्य होय.