लोहविद्युत् मृत्तिकांतील इलेक्ट्रॉन-उत्सर्जन : एका संज्ञेची चिकित्सा

कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून पलूसच्या परिसरात लोखंड ही नांगराची, ओतकामाची आणि पुढे पंपाची वस्तू म्हणून घरोघर परिचित झाली. अशा परिसरातून पदार्थविज्ञानाकडे वळलेला विद्यार्थी ‘लोहविद्युत्’ ही संज्ञा प्रथम वाचतो, तेव्हा तिच्यात लोखंड शोधू लागला तर त्यास दोष देता येत नाही. या वर्गातील सर्वांत परिचित मृत्तिका म्हणजे बेरियम टिटॅनेट. तिच्यात लोहाचा अंशही नाही. जोसेफ व्हॅलासेक यांना १९२० साली रोशेल लवणात विद्युत् ध्रुवण उलटविता येते असे आढळले, आणि हे वर्तन लोहचुंबकाच्या वर्तनासारखे असल्यामुळे साम्याने हे नाव रूढ झाले. ही चूक निरुपद्रवी होय. दोन व्याख्यानांत तिचे निरसन होते. ‘लोहविद्युत् उत्सर्जन’ या संज्ञेविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

या संज्ञेमागील मूळ कल्पना सुंदर आहे. ध्रुवित मृत्तिकेच्या पृष्ठभागावर बद्ध विद्युत् भार असतो, आणि बाहेरून येऊन चिकटलेला विरुद्ध भार त्यास झाकून टाकतो. ध्रुवण एकाएकी उलटले किंवा घटले, तर या झाकणाऱ्या भारास क्षणभर जोडीदार उरत नाही. पृष्ठभागी प्रबळ क्षेत्र निर्माण होते आणि इलेक्ट्रॉन निर्वातात फेकले जातात. ऋणाग्र तापविण्याची गरजच राहत नाही. १९६० साली मिलर व सॅव्हेज यांना बेरियम टिटॅनेटाच्या स्फटिकात, आणि १९७४ साली इतर संशोधकांना तापमान बदलताना लिथियम निओबेटात, असे उत्सर्जन आढळले. हा प्रवाह अत्यंत क्षीण, एका चौरस सेंटिमीटरमागे अँपिअरच्या एक कोटीव्या भागाहूनही बहुधा कमीच, असतो.

१९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत गुंडेल, रीगे आणि त्यांचे सहकारी यांनी शिसे, लँथॅनम, झिर्कोनियम व टिटॅनियम यांच्या मृत्तिकेवर जलद विद्युत् स्पंद लावले, तेव्हा चित्र पालटले. या दिशेने पुढे झालेल्या प्रयोगांत चौरस सेंटिमीटरमागे १०० अँपिअरपर्यंतचे प्रवाह नोंदले गेले. क्षीण उत्सर्जनाच्या तुलनेत ही वाढ किमान नऊ-दहा घातांची आहे. एवढी वाढ एकाच कारणाच्या कमी-अधिक प्रमाणाने होते, हे मानणे कठीण होते. तरी नाव मात्र तेच राहिले.

येथे साधा हिशेब उपयोगी पडतो. खोलीच्या तापमानास बेरियम टिटॅनेटाचे स्वयंस्फूर्त ध्रुवण चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २६ मायक्रोकुलंब असते. ते पूर्ण उलटले तरी ५२ मायक्रोकुलंबांहून अधिक भार मोकळा होत नाही. १०० अँपिअरचा प्रवाह एक मायक्रोसेकंद टिकला, तर १०० मायक्रोकुलंब भार वाहतो. उरलेला भार कोठून आला? तथापि हा युक्तिवाद निर्णायक म्हणता येत नाही, कारण स्पंद एक दशांश मायक्रोसेकंदाचा असेल तर १० मायक्रोकुलंबच पुरतात, आणि मर्यादा ओलांडली जात नाही. निर्णय करणारी कसोटी निराळी आहे. पदार्थ क्यूरी तापमानापलीकडे, बेरियम टिटॅनेटाच्या बाबतीत सुमारे १२० अंश सेल्सिअसपलीकडे, नेला की त्याचे स्वयंस्फूर्त ध्रुवण नाहीसे होते. क्षीण उत्सर्जन लोहविद्युत् अवस्थेतच आढळते. प्रबळ उत्सर्जन ती अवस्था नसतानाही मिळते.

मग ते येते कोठून? पुढील बाजूचे विद्युत् अग्र जाळीचे किंवा पट्ट्यांचे असते. धातू, मृत्तिका आणि निर्वात यांचा जेथे संगम होतो, त्या कडेवर मृत्तिकेच्या मोठ्या विद्युत् अपारकांकामुळे क्षेत्र एकवटते. तेथे ठिणगी पडते, पृष्ठभागावर आयनद्रायू पसरतो आणि इलेक्ट्रॉन त्या द्रायूतून ओढले जातात. मृत्तिकेकडे यात दुय्यम काम उरते. शिवाय पृष्ठभाग झिजतो, आणि पसरणारा द्रायू ऋणाग्र व धनाग्र यांमधील अंतर भरून काढू लागतो.

रोझेनमान, शूर, क्रासिक व दुनायेव्स्की यांच्या २००० सालच्या विस्तृत समीक्षेचे श्रेय हे की तिने क्षीण आणि प्रबळ हे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले, आणि प्रबळ प्रकारास आयनद्रायूचे साहाय्य असते हे मान्य केले. तिचे वैगुण्य हे की वेगळे केल्यावरही दोहोंस एकच कुलनाम ठेवले. ज्या क्रियेस लोहविद्युत् अवस्थेची आवश्यकता नाही, तिला लोहविद्युत् म्हणण्याचे प्रयोजन काय? ऋणाग्र म्हणून हे साधन उपयुक्त नाही असे नव्हे. ते तापवावे लागत नाही, हा गुण खराच आहे. पण ते आयनद्रायूचे ऋणाग्र आहे.

या नावाची किंमत दूरच्या प्रयोगशाळांपेक्षा लहान विभागांना अधिक मोजावी लागते. मृत्तिकेची चकती भट्टीत भाजावयाची, तिचा ध्रुवण-वलयालेख काढावयाचा, आणि निबंधाच्या प्रस्तावनेत ‘इलेक्ट्रॉन-उत्सर्जकासाठी उपयुक्त’ असे एक वाक्य घालावयाचे, ही प्रथा मृत्तिकाविषयक लेखनात बरीच पसरली आहे. वलयालेख उत्तम असला तरी त्यावरून प्रबळ उत्सर्जनाविषयी जवळजवळ काहीच ठरत नाही. ते कडेच्या रचनेवर आणि स्पंदाच्या चढणीवर अधिक अवलंबून असते. तालुक्याच्या गावाहून आलेला विद्यार्थी तीन-चार वर्षे चकत्यांचे घटक बदलत राहतो, आणि ज्या राशीचा तो पाठलाग करीत असतो ती त्या घटकांत नसतेच. त्यास निर्वात-पात्र, संग्राहक आणि एक लहान तापक मिळाला, तर तीच चकती १२० अंशांच्या अलीकडे व पलीकडे तपासून त्याला आठवड्याभरात कळू शकेल की आपण कोणत्या उत्सर्जनाविषयी लिहीत आहोत.