यथाशक्ती मानधन

दिवाळी अंकांचे वाङ्मय हा मराठी टीकाकारांचा जुना विषय आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजना’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांतील कथा, कविता आणि मुखपृष्ठांवरील सुंदऱ्या यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या सगळ्याच्या आधी, ऐन उन्हाळ्यात, जे एक छोटेखानी वाङ्मय दरसाल जन्मास येते, त्याकडे कोणा टीकाकाराची दृष्टी वळलेली आमच्या पाहण्यात नाही. ते वाङ्मय म्हणजे ‘लेखकांस आवाहन’. पूर्वी ते मासिकाच्या शेवटच्या पानावर चौकटीत छापले जाई. आता ते संकेतस्थळांवरही असते आणि व्हॉट्सॲपवरून एका हातातून दुसऱ्या हातात फिरते. ज्यास कोठे नोकरी नाही व चार अक्षरे लिहून चार पैसे मिळवावे अशी ज्याची इच्छा आहे, त्या मुक्त लेखकास साहित्याच्या वाड्यात शिरण्याचा दरवाजा हाच. म्हणून त्याची थोडी बारकाईने तपासणी करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्याजवळ जमलेल्या आवाहनांवरून या वाङ्मयप्रकाराचे घाटदार रूप ध्यानी येते. आरंभी मंडळाच्या परंपरेचा गौरव. मग लेखकाने पाळावयाचे नियम: मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित असावा, शब्दमर्यादा ओलांडू नये, लेख पूर्वी कोठेही, अगदी स्वतःच्या फेसबुकावरही, प्रसिद्ध झालेला नसावा, सोबत परिचय व छायाचित्र जोडावे, निवडीबाबत पत्रव्यवहार करू नये. आणि अखेरीस, बहुधा सर्वांत लहान वाक्यात, ‘निवडक साहित्यास यथाशक्ती मानधन दिले जाईल’. पुष्कळ आवाहनांत हे शेवटचे वाक्यही नसते.

व्याकरणाचा ज्यांस कंटाळा नाही अशा वाचकांनी येथे क्रियापदांकडे पाहावे. लेखकाच्या कर्तव्यांविषयी जेथे जेथे बोलावयाचे आहे तेथे विध्यर्थ आहे: असावा, जोडावे, करू नये. द्रव्याचा विषय निघताच प्रयोग कर्मणी होतो, काळ भविष्य होतो आणि कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. कोण देणार, किती देणार, केव्हा देणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही. आणि ‘निवडक’ या शब्दाने ज्यांचे लेख छापले गेले त्यांतूनही पुन्हा निवड होणार आहे काय, अशी एक निराळी शंका मात्र उत्पन्न होते. ‘यथाशक्ती’ हा शब्द तर पूजेच्या संकल्पातून उचललेला आहे. तेथे तो शोभतो, कारण देणारा आपली शक्ती आपणच ओळखतो आणि घेणारा देव तक्रार करीत नाही. भटजींनी दक्षिणेचा आकडा आधी विचारला तर त्यांस आपण हसतो. परंतु त्या भटजींनीही अलीकडे दर ठरवून घेण्यास आरंभ केला आहे, आणि लेखक मात्र देवाच्याच जागी बसून राहिला आहे.

‘मानधन’ या शब्दाचीही कथा मौजेची आहे. मराठीत आपण तो ‘मानाने दिलेले धन’ अशा अर्थी वापरतो. संस्कृतात त्याचा समास निराळा: मान हेच ज्याचे धन तो मानधन, म्हणजे स्वाभिमानी पुरुष. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पहिल्या सर्गात दुर्योधनाच्या धनुर्धरांस हे विशेषण लावले आहे. परंतु त्याला लागूनच, राजाने त्या योद्ध्यांचा धनाने सत्कार केलेला होता, असे सांगण्यास तो कवी विसरलेला नाही. मान आणि धन यांत वैर आहे अशी त्याची समजूत नव्हती. आमच्या संपादकांनी मराठी शब्द घेतला व व्यवहार संस्कृत समासाप्रमाणे केला. लेखकाचा मान हेच त्याचे धन, असे म्हणून ते मोकळे झाले.

हे असे का झाले, याचे कारण केवळ संपादकांच्या कृपणतेत शोधणे अन्यायाचे होईल. मराठी लेखक प्रारंभापासून दुसऱ्या कोणत्या तरी धंद्यावर जेवत आला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली ती सरकारी शाळेतील नोकरीत असताना. आणि १८७९ साली ती नोकरी सोडल्यावर त्यांनी लेखणीच्या बरोबरीने शाळा व छापखाना यांची उभारणी केली. हरिभाऊ आपटे आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत. केशवसुत शाळामास्तर होते, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकील होते, वि. स. खांडेकर १९२० पासून शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते, मर्ढेकर आकाशवाणीत होते. यांतील कोणाचे घर मासिकाच्या मनीऑर्डरीवर चालत नव्हते. साहजिकच लेख फुकट देणे ही त्यांच्या दृष्टीने उदारता होती, आणि एकाची उदारता पुढे सर्वांचा रिवाज झाली.

परंतु रिवाजाचा परिणाम वाङ्मयावर होतोच. ज्यास महिन्याच्या महिन्यास पगार अथवा निवृत्तिवेतन मिळते तोच विनामूल्य लिहू शकतो. म्हणून मासिकांतून कोणते जग दिसावे हेही पुष्कळ अंशी तोच ठरवितो. तासिका तत्त्वावर शिकविणारा तरुण अध्यापक, दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी तालुक्याच्या गावची बाई, मालमोटारीवर रात्री काढणारा चालक, यांजपाशी सांगण्यासारखे नाही असे कोण म्हणेल? त्यांच्यापाशी नसते ती फुरसत, आणि फुरसत विकत घ्यावी लागते. आठ दिवस खपून लिहिलेल्या लेखाबद्दल अंकाची एक प्रत आणि प्रशस्तिपत्र मिळाले तर दुसरा लेख लिहिण्यापूर्वी असा मनुष्य शंभरदा विचार करील. मराठी वाङ्मय मध्यमवर्गीय आहे अशी तक्रार आपल्याकडे वारंवार होते. तिच्या अनेक कारणांत हे एक क्षुद्र, हिशेबाच्या वहीतले कारणही आहे, असे आमचे मत आहे.

येथे कोणी म्हणेल की मासिके तरी कोठे श्रीमंत आहेत? हे म्हणणे खरे आहे. ‘सत्यकथे’सारखे मानाचे मासिकही १९८२ साली बंद पडले. संपादक पदरचे पैसे घालून, घरच्या मंडळींकडून पाकिटांवर पत्ते लिहवून अंक काढतात, हे आम्ही जाणतो. असा संपादक ‘आम्ही मानधन देऊ शकत नाही’ असे स्वच्छ छापील तर त्यास आमचा नमस्कार आहे. लेखकास निदान कळते की आपण दान करीत आहोत. आमचा आक्षेप निराळ्या अंकांवर आहे. ज्यांत मजकुरापेक्षा जाहिराती अधिक, कागद गुळगुळीत, आणि कागदवाला, छापखानेवाला, चित्रकार, वितरक या सर्वांची बिले चुकती होतात, त्या अंकांत एकट्या लेखकाच्याच वेळी ‘शक्ती’ कशी संपते?

याहून खालची एक पायरी अलीकडे निर्माण झाली आहे. ‘घरबसल्या लिहा आणि कमवा’ अशा मथळ्याखाली नोंदणीशुल्क मागणारे, अथवा कवितासंग्रहात एक पान देण्याबद्दल कवीकडूनच पैसे घेऊन त्यास सन्मानचिन्ह पाठविणारे, हे लोक संपादक नव्हेत. लेखकाकडे जाणारा पैसा उलटा वाहू लागला की तो व्यवहार साहित्याचा राहिला नाही, एवढी खूण नवोदितांनी गाठीस बांधावी.

मग मोबदला मिळतो कोठे? आमच्या समजुतीप्रमाणे, जेथे आकडा आधी कागदावर येतो तेथे. आकाशवाणीचे उदाहरण बोलके आहे. तेथे भाषणास बोलाविलेल्या वक्त्यास आधी करारपत्र येते. त्यात दिवस, मिनिटे आणि रक्कम लिहिलेली असते. रक्कम मोठी नसते, पण ती विचारावी लागत नाही. विश्वकोशासारख्या कामांत नोंदींचे लेखन मानधनावर चालते. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत एखादे सदर वर्षभरासाठी मिळाले तर त्याचा दर ठरविता येतो. सुट्या लेखाचा मात्र विचारल्यावाचून कळत नाही. २०१७ साली ‘स्टोरीटेल’ ही स्वीडनची कंपनी हिंदुस्थानात आली आणि तिने मराठीतही ऐकण्याच्या मालिका लिहवून घेतल्या; कान हा मराठी लेखकाचा नवा वाचक झाला. २०१४ साली बंगळूरूस निघालेल्या ‘प्रतिलिपी’वर संपादकाची निवड नाही, वाचकांच्या वर्गणीतून लेखकास हिस्सा मिळतो. तेथे प्रत्येक प्रकरण उत्कंठेच्या टोकावर तोडण्याची जी रीत पडली आहे तिच्यावर नाक मुरडणारांनी हरिभाऊंच्या कादंबऱ्याही ‘करमणुकी’त आठवड्याआठवड्याने येत असत, हे विसरू नये. गुणांची तुलना आम्ही करीत नाही.

सर्वांत अधिक काम आज भाषांतराचे आहे, आणि तेथे एक सापळा आहे. भाषांतराचा दर शब्दावर असतो. मराठी भाषा प्रत्यय जोडून चालते. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे पाचसहा होतात. म्हणजे तोच मजकूर मराठीत मोजला तर शब्द कमी भरतात आणि इंग्रजीत मोजला तर अधिक. दर मूळ मजकुराच्या शब्दांवर की भाषांतराच्या, हा प्रश्न काम स्वीकारण्यापूर्वी ज्याने विचारला नाही, त्याच्या मजुरीत मोठी घट होते. भाषेच्या प्रकृतीचा असा दंड भाषांतरकाराने का सोसावा?

इंग्रजी नियतकालिकांची रीत या बाबतीत अनुकरणीय आहे. लंडनचे ‘रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक’ १९०६ पासून निघत आहे. कोणते मासिक काय छापते, लेख कोणास पाठवावा, हे त्यात लेखक पाहून घेतो. अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने धंदेवाईक मासिकाचा किमान दर २०१९ साली शब्दामागे आठ सेंट ठरविला, आणि त्या वर्गातील मासिके आपला दर नियमांच्या पानावर उघड छापतात. उघडेपणाचेही संकट असते हे खरे: ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या मासिकाकडे यंत्राने लिहिलेल्या कथांचा इतका लोंढा आला की फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यास काही काळ दार लावून घ्यावे लागले. तरीही त्यांनी दर लपविण्याचा उपाय योजला नाही. आमच्याकडे १८७८ साली पुण्यास ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. तेव्हापासून मांडवांत ठराव पुष्कळ झाले. लेखाचा किमान दर काय असावा, याचा काही संकेत मात्र अद्याप रूढ झाला नाही.

आवाहनांतील आणखी एक वाक्य वाढत्या प्रमाणात दिसू लागले आहे: ‘प्रकाशित साहित्याचे सर्व हक्क संपादकांकडे राहतील’. अंकातील लेख पुढे संकेतस्थळावर, ध्वनिमुद्रणात, एखाद्या संग्रहात वापरता यावा, हा त्याचा हेतू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, जो मासिकाच्या नोकरीत नाही अशा लेखकाच्या लेखाचा पहिला मालक तो लेखकच असतो. हे हक्क दुसऱ्याच्या नावे करावयाचे तर लेखकाच्या सहीचा लेख लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. चौकटीत छापलेल्या एका ओळीने हे होत नाही. पण ती ओळ वाचून लेखक आपला हक्क गेलाच असे समजतो, आणि पुढे त्याच लेखाचे पुस्तक करताना परवानगी मागावयास जातो. ज्याने मानधन दिले नाही त्याच्याकडे ही परवानगी मागण्याचा प्रसंग विनोदी खरा, परंतु तो हसण्याजोगा वाटत नाही.

दर, मुदत आणि हक्क, या तीन गोष्टी विचारणारे चार ओळींचे पत्र लेख धाडण्यापूर्वी संपादकास लिहिणे मराठीत अजून असभ्य गणले जाते. उत्तर न आले तर तेही एक उत्तरच समजावे. मे-जून महिन्यांत नव्या आवाहनांचा हंगाम सुरू होईल. ज्या संपादकांनी आपल्या आवाहनात मानधनाचा आकडा, मग तो शून्य का असेना, स्पष्ट छापला असेल, त्यांनी त्याची एक प्रत आमच्याकडे धाडावी. पुढील अंकापासून ती सर्व एका पानावर, दरांसह, विनामूल्य प्रसिद्ध करण्याचे आम्ही ठरविले आहे.