निजामाला नाव, भुकेला नमुना

राजा दीनदयाळ यांच्या फोटोंवर लिहिताना आपले कलासमीक्षक महालाबाहेर पाऊल टाकत नाहीत. निजामाचा दरबार, मारलेला वाघ, वेरूळची लेणी. वा, काय प्रकाश, काय रचना! झालं, लेख संपला. आपल्याला तिथं थांबून चालत नाही. रेणापूर त्याच निजामाच्या राज्यात होतं. तेव्हा त्या कॅमेऱ्याला आपलाही एक सवाल आहे.

आधी माणसाचं श्रेय माणसाला. दीनदयाळ १८४४ साली मेरठकडच्या सरधन्यात जन्मले. रुडकीत शिकले, इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढू लागले. कॅमेरा हाती आला तो तिथंच. मग लेपेल ग्रिफिनसोबत मध्य भारत पालथा घातला. पुढं सहाव्या निजामाचे फोटोग्राफर झाले, १८९४ साली 'राजा मुसव्विर जंग' हा किताब मिळाला. तिकाटणं, भली मोठी लाकडी पेटी, काचेच्या प्लेटा, एवढं ओझं घेऊन हा माणूस हिंडला. काच फुटली की मेहनत गेली. नकाशे काढणाऱ्याची नजर त्यांच्या फोटोत दिसते. खांब सरळ, माणूस नेमका जागेवर, कपड्याची चुणी न् चुणी मोजून घ्यावी.

१८९२ साली त्यांनी हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तो चालवायला इंग्रज बाई ठेवली. बड्या घरच्या बायकांवर परपुरुषाची नजर पडू नये, ही काळजी. काळजी चांगलीच. पण ती कुणासाठी, हे बघा.

१८९९-१९०० चा दुष्काळ. औरंगाबादेत दीनदयाळांनी हाडं-कातडं उरलेली माणसं ओळीनं कॅमेऱ्यापुढं घेतली. खाली मथळा इंग्रजीत : 'टाइप्स ऑफ इमॅसिएशन'. म्हणजे खंगण्याचे नमुने. हात तोच, प्लेट तीच, बरगडी न् बरगडी स्पष्ट. फक्त नाव गेलं. तिकडं निजामाला किताबांची माळ, इकडं माणूस नमुना झाला. गोणीतल्या धान्याचा काढतात तसा.

त्यांची जात फोटोत लिहिलेली नाही. पण दुष्काळात आधी कुणाची हाडं वर येतात, हे मराठवाड्याला सांगायला नको. बहात्तरला खडी फोडून सुकडी खाल्लेल्यांना विचारा. त्या कामावरच्या हजेरीपटावर निदान अंगठ्याशेजारी नाव तरी होतं.

कुणी म्हणेल, मथळा साहेबाच्या कामाचा, फोटोग्राफरचा काय दोष? असेल. पण समीक्षकांचा दोष आहेच. ते या फोटोला 'दस्तऐवज' म्हणतात आणि निजामाच्या फोटोला 'कला'. ही वाटणी गावकुसासारखीच आहे.

कॅमेरा स्वतः जात पाळत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले. कचऱ्यात उभा माणूस आणि त्याच माणसाचं घर, दोन्ही दाखवलं. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. तिथं घाण दिसते, पण माणूस नमुना होत नाही. कारण फोटोग्राफर त्याच्या दारात जाऊन बसला आहे.

दीनदयाळांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ पासून दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आहेत. त्या जपल्या, हे बरंच झालं. आता त्यांच्या कौशल्यावर बोलताना औरंगाबादची ती ओळही भिंतीवर लावा, निजामाच्या शेजारी, तेवढ्याच चौकटीत. मग सांगा, मोठं पोर्ट्रेट कुठलं.