अठरा टक्के, पण कशाचे?

गोषवाऱ्यातला पहिला ठळक आकडा दिसला की पुढचं वाचायचा कंटाळा येतो ना? मग सरावाला २०११ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेला फिझाझी आणि सहकाऱ्यांचा पेपर घ्या. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलाय आणि हार्मोनच्या उपचारांना दाद देत नाही, असे सुमारे १९०० रुग्ण. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन, निम्म्यांना शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड. हाडाची पहिली ‘घटना’ घडेपर्यंतचा मध्यक काळ २०.७ महिने विरुद्ध १७.१. धोका १८ टक्क्यांनी कमी.

आता ‘घटना’ म्हणजे काय ते बघा. आजारामुळे झालेलं फ्रॅक्चर, हाडाला दिलेलं रेडिएशन, हाडाची शस्त्रक्रिया, मज्जारज्जूवर दाब: चारही एकाच पिशवीत. दाबामुळे पाय लुळे पडू शकतात. रेडिएशन बरेचदा वेदना कमी करायला देतात. मोजताना मात्र दोन्हींचं वजन सारखं. त्यातही सर्वांत मोठा वाटा रेडिएशनचा, आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतो. शिवाय ठरावीक अंतराने एक्स-रे काढल्यामुळे रुग्णाला न जाणवलेलं फ्रॅक्चरही यादीत आलं. शंभरातल्या किती जणांना अशी घटना झाली? ३६ विरुद्ध ४१. अठरा टक्क्यांपेक्षा हे पाच मला जास्त बोलके वाटतात. जगण्याच्या काळात फरक नाही. रक्तातलं कॅल्शियम घसरण्याचं प्रमाण मात्र १३ टक्के विरुद्ध ६.

अभ्यास कच्चा आहे असं नाही हं. प्रत्येकाला इंजेक्शनही आणि सलाईनही, त्यातलं एक खोटं. त्यामुळे कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरलाही कळत नव्हतं. पण याच रचनेमुळे ‘इंजेक्शन सोयीचं’ हा मुद्दा इथे तपासलाच जात नाही. आणि ज्यांची किडनी फारच कमजोर, म्हणजे ज्यांना झोलेड्रॉनिक ॲसिड देता येत नाही, ते रुग्ण मुळात घेतलेलेच नव्हते. डेनोसुमॅबची खरी गरज तर त्यांनाच!

पुढे २०१७ साली ‘जामा’मध्ये १८२२ रुग्णांचा अमेरिकी अभ्यास आला: झोलेड्रॉनिक ॲसिड दर चार आठवड्यांनी की दर बारा? दोन वर्षांत घटना २९.५ आणि २८.६ टक्के, म्हणजे जवळपास सारख्याच. आता रुग्णापुढचे पर्याय वेगळे: महिन्याला एक डेनोसुमॅब, की तीन महिन्यांतून एकदा जेनेरिक मिळणारं जुनं औषध? फिझाझींच्या पेपरात या दोघांची गाठच पडत नाही.